सर, आपण पाय आडवा घातलात म्हणून

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आपण आमच्या ह्यांना बॉक्सिंग शिकवता, त्याबद्दल समोरासमोर आभार मानायला गेले की आपण ‘काकू, त्यात काय एवढं’ म्हणून ह्यांच्या गोळ्यांचा विषय काढता. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता यावे अशा पद्धतीने लिहीत आहे.

आमच्या ह्यांनी उभे आयुष्य लातूरच्या बाजारात आडत दुकानावर मुनीमकी केली. सोयाबीन-तुरीच्या हिशेबपट्टीवरचे त्यांचे अक्षर म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही चष्म्याशिवाय वाचता येत असे. तेच अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होऊ लागले आणि चालताना उजवा हात हलेनासा झाला, तेव्हा एका डॉक्टरांनी खांदा आखडल्याचे सांगून शेक दिला, तर दुसऱ्यांनी वयोमान म्हणून बोळवण केली. बोटे थरथरू लागल्यावर कुठे पार्किन्सनचे नाव निघाले. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी या आजारात कमी होत जातात आणि कंप सुटण्याआधीच अक्षर लहान होणे, आवाज खोल जाणे, खांदा धरणे अशा खुणा दिसू शकतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. ज्यांनी सांगायचे, त्यांनी केसपेपरवरून मान वर केली नव्हती. व्यायाम करा म्हणाले. कोणता, ते कुणी सांगितले नाही. एका चकचकीत जिममध्ये चौकशीला गेलो, तर तिथल्या व्यवस्थापकाने ह्यांच्याकडे न पाहता मला विचारले, ‘पडले तर जबाबदारी कोणाची?’ तो प्रश्न अजून माझ्या कानातून जात नाही.

आपल्याकडे बॉक्सिंगला जायचे ठरले, तेव्हा भावकीत हसे झाले. धाकट्या दिरांनी मुहम्मद अलींचा दाखला दिला: 1984 साली पार्किन्सनचे निदान, आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये थरथरत्या हाताने पेटवलेली ज्योत. त्यांची शंका अगदीच गैर नव्हती, कारण डोक्यावर वारंवार बसणारा मार मेंदूला घातकच असतो. आपण ती हसण्यावारी नेली नाहीत. इथे कुणी कुणाला मारत नाही, ठोसे फक्त बॅगला आणि पॅडला, असे सांगून, अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे ऐन चाळिशीत पार्किन्सन झालेले माजी सरकारी वकील स्कॉट न्यूमन यांनी 2006 साली अशाच रुग्णांसाठी बॉक्सिंगचा वर्ग कसा सुरू केला, हे आपण दिरांना शांतपणे समजावलेत. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा मारताना हात पुरता लांबवावा लागतो, क्रॉस म्हणजे मागच्या हाताच्या ठोशासाठी कंबर वळवावी लागते, पाय रुंद रोवून भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो आणि शिवाय ठोशाचे आकडे मोठ्याने म्हणावे लागतात. म्हणजे हा आजार जे जे आक्रसून टाकतो, नेमके तेच करायचे.

पण मला लिहायचे आहे ते पहिल्या दिवसाविषयी. आपल्या शेडच्या दारातच ह्यांचे पाय जमिनीला खिळले. गंजगोलाईच्या गर्दीत किंवा कुठल्याही चौकटीत असे होते. मागून आलेल्या दोघांनी मदत म्हणून दंड धरून ओढायला सुरुवात केली. आपण ‘ओढू नका, तोंडावर पडतील’ म्हणत धावत आलात, वाकून ह्यांच्या पाया पडलात, ‘काका, माफ करा’ म्हणालात आणि बूट काढून आपला पाय ह्यांच्या पावलांपुढे आडवा ठेवलात. ‘हा ओलांडा.’ हे संकोचले. कुणाला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते, हे आपल्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असते. त्यावर आपण म्हणालात, ‘ओलांडा हो, माझी उंची आता वाढायची राहिलेली नाही.’ हे हसले. आजाराने चेहरा असा ताठ केला होता की ते हसू मी कित्येक महिन्यांनी पाहिले, आणि ते पुरते ओसरायच्या आत त्यांचा उजवा पाय उचलला गेला होता. अडलेल्या पावलाला ओलांडण्यासाठी समोर काहीतरी दिसले की ते पुष्कळदा सुटते, हे आपण नंतर सांगितलेत. त्या दिवसापासून आमच्या न्हाणीच्या आणि स्वयंपाकघराच्या दारात फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावलेल्या आहेत. उपाय कुठल्याही जाणकाराला ठाऊक असेल, पण आधी पाया पडून मग पाय आडवा घालण्याचे आपल्याला त्या क्षणी सुचले, याचे मोल मला करता येत नाही.

आजार गेलेला नाही आणि गोळ्याही कमी झालेल्या नाहीत. कुणी तसे सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. मात्र रात्री कूस बदलायला हे आता मला उठवत नाहीत, आणि त्यांचा ‘एक-दोन, एक-दोन’ बाहेर झाडाखाली बसलेल्या मला ऐकू येतो. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली पोरे त्यांच्याबरोबर आकडे म्हणतात आणि आजोबा दमले की पाण्याची बाटली हातात देतात, झाकण सैल करून, पण पुरते न काढता. हे त्यांना कुणी शिकवले, ते मला विचारावे लागले नाही.

सभ्यपणाला पैसे पडत नाहीत, असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ह्यांची गोळी लागू पडायला सुमारे तास लागतो, म्हणून मुलांचा सराव आटोपल्यावरही आपण न्याहारी मागे ठेवून थांबता. फी घेत नाही. हा सारा आपला खर्चच आहे, आणि तो ज्यांना सहज परवडला असता, त्यांनी आम्हाला दारातून परत पाठवले होते.

फीचा आग्रह आता करणार नाही. पण शेडच्या पायऱ्यांना धरायला काही नाही, आणि औशाकडचे आणखी एक पार्किन्सनचे गृहस्थ येणार असल्याचे आपणच परवा म्हणालात. सोमवारी वेल्डर माप घ्यायला येईल. दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसवायचा आहे, त्याचे पैसे आम्ही दिलेले आहेत. कृपया त्याला परत पाठवू नये.

आपली कृतज्ञ,
काकू
(निवृत्त शिक्षिका, लातूर)