फोन करू नकोस, वाच

चि. रेणू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन केला असता तर मी बोलत सुटलो असतो आणि तू नुसतं हुं हुं करत बसली असतीस. आणि हुं करणंही सध्या तुला मना आहे, असं दादा म्हणाला. म्हणून लिहितोय. आठवडाभर पूर्ण मौन सांगितलंय ही बातमी आम्हाला त्याच्याकडून कळली, तुझ्याकडून नाही. असो. त्याने तुझ्या घशाच्या तपासणीचा फोटोही पाठवला. तुझ्या आईने तो एकदा बघितला आणि चष्मा काढून ठेवला. मी मात्र मोठा करकरून पाहिला. आवाजाच्या दोन पांढरट पट्ट्या, आणि दोन्हींच्या कडेला, समोरासमोर, नेमक्या एकाच जागी आलेले दोन बारीक उंचवटे. एवढ्याशा त्या जागेवर तुझं सगळं चालतं हे पाहून कसंसंच झालं.

आधीच सांगतो, तुझ्या नाटकाच्या शनिवारच्या प्रयोगाबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तो तुझा आणि डॉक्टरांचा प्रश्न.

मी थोडी चौकशी केली, तुला माहीत असेलच. बाईच्या साध्या बोलण्यात या पट्ट्या सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकींवर आपटतात म्हणे. किंचाळताना त्याहून जास्त, आणि जोरात. जिथे सगळ्यात जास्त मार बसतो तिथेच हे होतं, कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात तसं. त्यातल्या त्यात दिलासा असा, की गाठी नुसत्या धरू लागल्या असतील तर चाकूची वेळ सहसा येत नाही. वाचाउपचारतज्ज्ञाकडे जाऊन आवाज लावण्याची पद्धत बदलली की त्या बऱ्याचदा आपोआप बसतात. वेळ लागतो, आठवडे, कधी महिनेही. 'साउंड ऑफ म्युझिक' सिनेमातल्या गायिका-नटी ज्युली अँड्र्यूजचं १९९७ साली आवाजाच्या पट्ट्यांचं ऑपरेशन झालं आणि तिचं गाणं गेलं. पुढे ती बोलण्याच्या भूमिका करत राहिली, पण ते चार सप्तकांचं गाणं परत आलं नाही. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. तुला कोणी घाईने 'काढून टाकू' म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस, एवढंच.

आणि कुजबुजू नकोस. तू लहानपणापासून घसा दुखला की कुजबुजायचीस, आणि आम्हाला वाटायचं पोरगी घशाला जपते आहे. जोर लावून कुजबुजलं की ताण उलट वाढतो. सारखं खाकरणंही वाईट, त्यात त्या दोन पट्ट्या एकमेकींवर आदळतात. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी पी. आत्याचे उपाय तुला कळवत नाही. त्यातला एकही आवाजाच्या पट्ट्यांपर्यंत पोचत नाही. गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं, पट्ट्या राहतात श्वासनलिकेच्या तोंडाशी. तिथवर थेट पोचते ती फक्त वाफ. हे आत्याला सांगून पाहिलं. ती म्हणाली, तुझ्या वडिलांना हे सांगितलं असतंस तर त्यांनी ऐकून घेतलं असतं का?

दादा म्हणाला की दुसऱ्या अंकातल्या त्या किंकाळीपाशीच आवाज फुटला आणि पुढचा सगळा प्रवेश तू श्वासावर काढलास. लोकांना वाटलं, भूमिकाच तशी आहे. टाळ्याही पडल्या म्हणे. ते ऐकून मला एकीकडे अभिमान वाटला आणि दुसरीकडे त्या टाळ्यांचा राग आला. ती किंकाळी तुझ्या तालमीत मी पाहिली होती, आठवतं? तुमचा दिग्दर्शक मागे बसून "अजून, अजून" म्हणत होता. पाच-सहा वेळा तरी तू ती पुन्हा दिलीस. तेव्हाच तुला सांगावंसं वाटलं होतं की शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला किंचाळावं लागतं असं नाही. तूच तर मला दाखवलं होतंस. तुझी ती पहिली एकांकिका, जेमतेम भरलेला हॉल, मी मुद्दाम अगदी मागच्या रांगेत. तू भिंतीला टेकून एकच वाक्य म्हणालीस, जवळजवळ पुटपुटत, आणि ते माझ्या कानात येऊन पडलं. घरी आल्यावर मी विचारलं, हे कसं केलंस? तू माझा हात तुझ्या बरगड्यांवर ठेवलास, श्वास घेतलास आणि म्हणालीस, बाबा, आवाजाची फेक इथून असते, गळ्यातून नाही. तेव्हा वर्ष-दोन वर्षांपूर्वीपर्यंत तू शाळेत वर्गासमोर उभी राहून कविता म्हणायलाही तयार नसायचीस. आईला मी तेच बरगड्यांचं करून दाखवायला गेलो आणि मला खोकल्याची उबळ आली.

बरं, शनिवार.

लिहिणार नव्हतो. पण तू दादाला पाठवलेलं वाक्य त्याने मला दाखवलं. 'एकदा दुसरीने माझा प्रयोग केला की झालं.' ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. होईलही तसं. ती मुलगी चांगलं करेल, निर्मात्याला तिच्या तारखा सोयीच्या पडतील, आणि तुझा फोन वाजायचा बंद होईल. तुमच्या क्षेत्रात नकार कोणी कळवत नाही, नुसतं काहीच कळवत नाहीत, एवढं मला आता समजलंय. म्हणूनच तुझ्या त्या मालिकेच्या ऑडिशनचं काय झालं हे मी हल्ली विचारत नाही. (काही कळलं का?) पण त्या भीतीने सुजलेल्या गळ्यावर प्रयोग मारून नेलास तर शनिवार निघेल, आणि पुढच्या शनिवारचं काय? कोणीतरी तुला इंजेक्शन सुचवलंय, प्रयोगाआधी घ्यायचं, सूज उतरते, आवाज खुलतो. खुलतो ना, मीही वाचलं. पण इजा असते तिथेच, फक्त तुला ती कळत नाही, आणि तू तिच्यावर पूर्ण ताकदीने ती किंकाळी फोडणार. ॲस्पिरिनही परस्पर घेऊ नकोस. त्याने रक्त गोठायला वेळ लागतो आणि सुजलेल्या पट्टीत रक्त उतरण्याची भीती असते. 'शो मस्ट गो ऑन' हे वाक्य कोणा नटाने काढलेलं असेल असं मला वाटत नाही, तिकीटविक्रीवाल्याने काढलं असणार.

पाहा, भाषण सुरू झालं. माफ कर. आई मागून म्हणतेय, पोरगी आजारी आहे, तिला धडे कसले देताय.

पण हा तुझ्या गळ्याचा नाजूकपणा आहे असं मनात आणू नकोस, एवढं सांगू दे. तू दिवसा त्या व्हिडिओ गेमच्या डबिंगला जातेस आणि तिथे तासन्‌तास तलवारीचे घाव खाऊन मरतेस, कड्यावरून पडतेस, जळतेस, आणि संध्याकाळी तोच गळा घेऊन प्रयोगाला उभी राहतेस. कोणाचाही बसेल. अमेरिकेत २०१६-१७ मध्ये गेमच्या आवाज-कलाकारांनी संप केला होता, त्यातली एक मागणी हीच होती की असं गळाफाड काम चार तासांऐवजी दोन तासांत आटोपावं, आणि पैसे मात्र पूर्ण मिळावेत. म्हणजे नावाजलेली, अनुभवी माणसंही 'एवढंच किंचाळेन' असं म्हणतात. तू का म्हणत नाहीस? नखरे करते असं बोलतील म्हणून? बोलू देत. किंकाळ्या रेकॉर्डिंगच्या शेवटी घ्या, आधी साधे संवाद घ्या, हे सांगण्यात कसला नखरा?

हे लिहिता लिहिता त्या टेलिफोनवरच्या आवाजाची आठवण झाली. तुला कधी सांगितलं नाही. एका कंपनीच्या मदत क्रमांकावर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा' हे तू म्हटलेलं आहेस. एकदा काही कामासाठी मी तिथे फोन केला आणि तू बोललीस. कॉलेजात होतीस तेव्हाची तू, 'प्रतीक्षा'मधला 'क्ष' अगदी घासून म्हणणारी. पलीकडून माणूस फोनवर आला तेव्हा मी काय विचारायचं तेच विसरलो होतो. त्यानंतर काम नसतानाही मी कधीकधी तो नंबर लावतो. आईला वाटतं मी कसल्याशा तक्रारीचा पाठपुरावा करतोय.

पण परवा फोटो बघून झाल्यावर तो नंबर लावला आणि ऐकवेना. त्या कामाचे पैसे तुला एकदाच मिळाले आणि आवाज त्यांना कायमचा मिळाला. तेव्हा आपण करार वाचलाही नव्हता, मला तर हौसच वाटली होती. आता वाचत जा. 'सर्व माध्यमांत, सर्वकाळ' असे शब्द दिसले की थांब आणि विचार, की यात माझ्या आवाजाची नक्कल संगणकाकडून करून घेण्याची मुभा आहे का? अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला, त्यात हा एक मोठा मुद्दा होता: नटाची डिजिटल प्रतिकृती वापरायची तर त्याची संमती घ्या आणि मोबदला द्या. तू इकडे गप्प बसलेली आणि तिकडे तुझा आवाज कुठेतरी न दमता बोलतोय, ही कल्पनाच मला सहन होत नाही. हे मौनाच्या आठवड्यात सांगायचं नव्हतं. पण गप्प बसून करायला वाचनासारखं काम नाही. कपाटातले जुने करार काढ.

वयाचं तू मागे म्हणालीस, तेव्हा मी काही बोललो नव्हतो. 'आता या वयात लागलेलं नाटक सोडलं तर पुन्हा कोण विचारणार?' डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन होते. १९६९ साली दवाखाना सोडून ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा चाळिशी उलटली होती त्यांची. परवापासून ते सारखे आठवतात. दिवसभर लोकांच्या घशात डोकावलेला माणूस जेव्हा रंगमंचावर आवाज चढवत असेल, तेव्हा आत काय चाललंय हे त्याला दिसतच असेल ना? तुला तो फोटो एकदा दिसलाय. पुढच्या वेळी "अजून" ऐकलंस की तो आठव.

आवाज परत येईल. पण मला दुसरीच भीती वाटते, की तो आल्यावर तुझा त्याच्यावर भरवसा राहणार नाही. एकदा भर प्रयोगात फुटला, की त्या जागेच्या आधी दोन वाक्यं पोटात गोळा येणार. तसं झालं तर तू नट म्हणून संपलीस असं समजू नकोस. इंग्लंडचा एवढा मोठा नट लॉरेन्स ऑलिव्हिए, त्याला सत्तावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, सगळं मिळवून झाल्यावर, रंगमंचाची अशी भीती बसली की ती चार-पाच वर्षं सुटली नाही. माझ्या डोळ्यांत बघू नका, असं तो सहकलाकारांना सांगायचा. पण काम करत राहिला. तू निदान तुझ्या त्या 'अजून'वाल्याला सांगू शकशील, की ही जागा आपण वेगळी बसवू. किंकाळीऐवजी तू ते वाक्य भिंतीला टेकून म्हटलंस तर? मला ऐकू येईल. मी मागच्या रांगेत बसतो.

जास्त लिहिलं. मुद्दा एकच होता आणि तो मी टाळणार होतो. इंजेक्शन घेऊ नकोस. त्या मुलीला शनिवारचा प्रयोग करू दे, आणि जमलं तर विंगेत उभी राहून तिला बघ. ती चांगली निघाली तर वाईट वाटेल. वाटू दे.

तुला दुसरंच करायचं असेल तर तसं कळव. मी भांडणार नाही, आईला घेऊन प्रयोगाला येईन. पण लिहून कळव. फोन करू नकोस, केलास तर मी उचलणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आत्याला तुझ्याशी बोलायचं होतं. रेणूला सध्या बोलता येत नाही म्हटलं, तर म्हणाली, मग उत्तमच. तिचा फोन मात्र घे. तुझ्यावर बोलायची वेळ येणार नाही.