बटण दाबल्यावर काहीच होत नाही तेव्हा

बंगळूरु, रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री फोन ठेवल्यापासून मन थाऱ्यावर नाही. संगणक बंद पडल्याच्या काळजीपेक्षा, आजोबांच्या मोडीतल्या रोजनिश्यांचे दोन वर्षे खपून केलेले लिप्यंतर गेले की काय, ही धास्ती बाबांच्या आवाजात जास्त होती. म्हणून आधी तेच लिहिते. ते लिखाण हार्ड डिस्कवर आहे आणि डिस्कवर साठवलेले काही वीज गेल्याने पुसले जात नाही. बटण दाबूनही संगणक सुरू न होणे हा बहुतेक वेळा विजेच्या वाटेवरचा बिघाड असतो. हा संगणक पुन्हा कधी सुरू झालाच नाही, तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. लिखाण सुखरूप असेल, असा मला विश्वास वाटतो.

बाबा, तुम्ही सांगितलेत की संगणकाच्या कॅबिनेटवरचा दिवा लागत नाही, आतला पंखा फिरत नाही आणि कसलाही आवाज येत नाही. पंखा फिरून नुसता पडदा काळा राहिला असता, तर मला रॅमचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीचा, किंवा मॉनिटरचा संशय आला असता; पण इथे वीज आतपर्यंत पोहोचतच नसावी. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती आणि ती आल्यानंतर हे घडले, हेही त्याच्याशी जुळते, कारण वीज परत येते त्या क्षणी दाब एकदम वर चढू शकतो.

तेव्हा भिंतीपासून सुरुवात करावी. संगणकाचा प्लग काढून त्या जागी आईचा वाचनाचा दिवा लावून पाहा. दिवा लागला तर भिंतीतली वीज ठीक आहे. मग यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही तात्पुरते बाजूला ठेवून संगणकाचा प्लग थेट भिंतीत लावा. तुमच्या यूपीएसला चार वर्षे होऊन गेली आहेत आणि त्यातली बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते, त्यामुळे तोच दोषी निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्यानेही भागले नाही तर मॉनिटरची वायर काढून कॅबिनेटला लावा. तुमच्याकडच्या दोन्ही वायरी एकसारख्याच आहेत. मॉनिटरचा दिवा लागतो आहे, म्हणजे ती वायर चांगली आहे. वायर बदलण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करावे आणि वायरीचे टोक खाचेत शेवटपर्यंत दाबून बसवावे. दोन वर्षांपूर्वी टेबल सरकवताना ते जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर आले होते, आणि तेवढ्याने संगणक बंद राहिला होता.

कॅबिनेटच्या मागे, वायर जिथे शिरते तिथेच, एक लहान काळे बटण आहे. त्याच्या एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल असतो. रेघेची बाजू दाबलेली असली पाहिजे. आई, टेबलामागे झाडताना ते नकळत दाबले जाऊ शकते, म्हणून बाबांना वाकायला न लावता ते तूच टॉर्च घेऊन पाहा.

एवढे करून यश आले नाही तर वायर भिंतीतून पूर्ण काढा, पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग वायर पुन्हा लावा. संगणकाला वीज पुरवणारी जी पेटी असते, तिला एसएमपीएस म्हणतात. दाब वरखाली झाला की ती स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते, आणि तिच्यात साठून राहिलेली वीज निघून गेल्याशिवाय काही वेळा पुन्हा सुरू होत नाही.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते, कारण पुढचा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे. संगणकाचे पुढचे बटण पंख्याच्या बटणासारखे नसते. वायर लावलेली असली की संगणक बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीला, ५ व्होल्टची थोडी वीज देत राहते, आणि बटण फक्त बाकीची वीज सोडण्याचा निरोप देते. त्या थोड्या विजेवर तुमच्या मदरबोर्डवरचा एक हिरवा दिवा जळतो. मागच्या दिवाळीत धूळ काढताना मी तो पाहिला आहे. रात्री खोलीतला दिवा मालवून, वायर लावलेली ठेवून, कॅबिनेटच्या बाजूच्या जाळीतून आत पाहा. हिरवा ठिपका दिसला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे, आणि मग पुढचे बटण किंवा त्याच्या दोन बारीक वायरी तपासायला हव्यात. ठिपका दिसलाच नाही तर बहुधा एसएमपीएसच गेली आहे.

बाबा, ती पेटी मात्र कुणालाही घरी उघडू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. भिंतीतले २३० व्होल्ट आत गेल्यावर त्यांचे सुमारे ३२५ व्होल्ट होतात आणि वायर काढल्यानंतरही काही काळ ते आतल्या कपॅसिटरमध्ये साठून राहतात. पेटी दुरुस्त करत बसण्यापेक्षा पूर्ण बदलावी, आणि नवी पेटी जुनीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा कमी वॅटची नसावी.

टिळक रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात न्यायचे ठरले तर कॅबिनेट स्वतः उचलू नका. शेजारच्या मुलाला सोबत घ्या आणि रिक्षाने जा. मॉनिटर, कीबोर्ड नेण्याची गरज नाही. दुकानात पहिले वाक्य हेच सांगा, की आधी एसएमपीएस तपासा आणि मला विचारल्याशिवाय डिस्क फॉरमॅट करू नका, म्हणजे पुसून कोरी करू नका. वीज पुरवण्याच्या बिघाडासाठी फॉरमॅट करण्याचे काहीच कारण नसते. कुणी तसे सुचवले तर कॅबिनेट परत घरी आणा. पुढच्या महिन्यात मी पुण्याला येईन, तेव्हा डिस्क काढून सगळे लिखाण दोन ठिकाणी उतरवून ठेवीन.

बुधवारी रात्री नऊ वाजता फोन करते. भिंतीत आईचा दिवा लागला का आणि अंधारात हिरवा ठिपका दिसला का, एवढे दोनच प्रश्न मी विचारणार आहे.

तुमची लेक