गावाचा आराखडा गावातच ठरू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या आसपासची गावं ओस पडत चालली आहेत, तरुण पोरं पीथमपूरच्या कारखान्यांकडे निघून जातात, असं आपल्या अंकात अधूनमधून वाचायला मिळतं. उपाय म्हणून दरवेळी एखाद्या नव्या योजनेचं नाव पुढे येतं. माझी सगळी नोकरी बँकेच्या ग्रामीण शाखांत शेतीकर्जाचं काम करण्यात गेली आणि सासरचं गाव देपालपूर तहसिलीतलं. दोन्हीकडून जे पाहिलं त्यावरून सांगते, योजनांची आपल्याकडे वानवा नाही. गावानं एकत्र बसून ‘आपल्याला आधी काय हवं’ हे ठरवणं, तेवढंच होत नाही.

देवास तर आपल्या उंबऱ्यावर आहे. काळ्या मातीत ट्यूबवेलमागून ट्यूबवेल खोदल्या गेल्या, सोयाबीन निघालं की लगेच गहू पेरायचा, आणि पाणी दर वर्षी आणखी खोल जायचं. 1990 साली देवासला रेल्वेच्या टँकरांनी पाणी पोचवावं लागलं होतं. त्या भागातला शेतकरी ऋणपुस्तिका (जमिनीची आणि कर्जाची नोंदवही) टेबलावर ठेवायचा तेव्हा तिच्यात आटलेल्या ट्यूबवेलचा बोजा आधीच चढलेला असायचा, आणि अर्ज असायचा दुसऱ्या ट्यूबवेलसाठी. ती तरी लागेल का, हे त्यालाही ठाऊक नसायचं.

2006 मध्ये तिथले जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी ज्यांच्याकडे जमीन जास्त, ट्रॅक्टर आहे आणि ज्यांनी सगळ्यात जास्त पाणी उपसलं, त्या मोठ्या शेतकऱ्यांना आधी हाक दिली. जमिनीचा दहावा हिस्सा तळ्यासाठी सोडा, पावसाचं पाणी तिथं साठवा आणि उरलेल्या जमिनीत दोन पिकं घ्या, असा साधा हिशेब होता. ‘जल बचाओ, लाभ कमाओ’ ही तिथली घोषणा. सुरुवातीला अनुदान नव्हतं. शेतकऱ्यांनी पदरच्या पैशानं तळी खोदली, अनुदानाची बलराम ताल योजना आली ती नंतर, 2007 मध्ये. टोंककलां, हरनावदा या गावांची नावं त्यामुळेच बाहेर पोचली. पुढे मी तिकडे गेले तेव्हा तळ्याच्या पाळीवर लावलेली तूर पाहिली, पाण्याला दिलेली जमीनसुद्धा रिकामी ठेवली नव्हती. ज्याचा खर्च, त्याचं लक्ष. इंजिनियर, अधिकारी, बँक सगळे लागलेच, पण शेत कुणाचं आणि तळं कुठं हे शेतकऱ्यानं ठरवलं होतं.

हा अधिकार कायद्यानं प्रत्येक गावाला दिलेला आहे. पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. आपल्या मध्य प्रदेशात 26 जानेवारी, 14 एप्रिल, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात, आणि 2018 पासून ‘सबकी योजना, सबका विकास’ या मोहिमेत 2 ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाचा आराखडा करायचा असतो. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवले, 40 टक्के गावच्या गरजेवर सोडले. म्हणजे ठरवायला वावही आहे आणि पैसाही आहे.

पण प्रत्यक्षात काय होतं? आमच्या गावच्या ग्रामसभेला मी मुद्दाम जाऊन बसले. मतदार इंदूरची, त्यामुळे बोलायचा हक्क नव्हता, नुसतं ऐकलं. रजिस्टर आधी सह्यांसाठी फिरलं, ठराव नंतर वाचला गेला. बायका दाराशी घुंगट ओढून बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, दुधाची गाडी नाल्यापलीकडच्या रस्त्यावर थांबते, पावसाळ्यात कॅन डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जावं लागतं, नाल्यावर एक छोटी पुलिया (लहान पूल) झाली तर घरोघरी आणखी एक म्हैस बांधता येईल. इतका नेमका आर्थिक विचार त्या बैठकीत दुसऱ्या कुणी मांडला नाही. ठरावात मात्र सीसी रोड, म्हणजे सिमेंट काँक्रीटचा रस्ता, आला, आणि तोही जिथं आधीचा रस्ता धड आहे तिथं! याचा मला फार राग आला, अजूनही येतो.

आता आपल्या शहराबद्दल. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 नंतर इथंच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर, शेण आणि काडीकचऱ्याचं कंपोस्ट करायची पद्धत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली, 1935 मध्ये गांधीजी येऊन पाहून गेले. आज देवगुराडियाच्या, शहराच्या कचऱ्यावर चालणाऱ्या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन ओला कचरा घेऊन सुमारे 100 टन सेंद्रिय खत करण्याची आहे. इंदूरच्या चोइथराम मंडीत (बाजार समितीत) कांदा-लसूण उतरवून ट्रॉल्या गावाकडे रिकाम्या परततात. ग्रामसभेनं ठराव करून मागणी केली, दर आणि खताची तपासणी आधी ठरवून घेतली, तर त्याच ट्रॉल्यांतून खत जाईल. कृषी महाविद्यालयाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी खेड्यांत जातातच, मातीची तपासणी आणि पिकांच्या नोंदी त्यांच्याकडून करून घेता येतील.

आपल्या मराठी कुटुंबांनाही एक विनंती. होळकरांच्या काळापासूनचे कितीतरी वाडे गावोगाव कुलूप लावून पडले आहेत. आमच्या वाड्याची ओसरी आणि दोन खोल्या आम्ही महिला बचत गटाला लसूण निवडायला आणि साठवायला नाममात्र भाड्यानं दिल्या. अकरा महिन्यांचा लेखी करार केला, म्हणजे घरातही वाद नको आणि त्यांनाही धाकधूक नको. वाड्यात माणसांचा राबता असला की भिंतीही टिकतात.

संपादक महोदय, 2 ऑक्टोबरच्या आधी देपालपूर, सांवेर, महू, हातोद या भागांतल्या काही पंचायतींचे गेल्या वर्षीचे आराखडे आपल्या अंकात छापता आले तर पाहा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ते कुणालाही उघडून वाचता येतात. ज्यांचं गाव त्या यादीत असेल त्यांनी सरपंचांना फोन करून विचारावं, या वेळची ग्रामसभा किती वाजता आहे आणि ठराव सह्यांच्या आधी वाचणार ना?

आपली नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी
राजेंद्रनगर, इंदूर