सिंधुदुर्गाचे भुयार आणि गुप्तधन: गोष्ट सांगा, पण हिशेबासकट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्यटनाचा हंगाम आला की मालवणसमोरच्या कुरटे बेटावरच्या, म्हणजे सिंधुदुर्गावरच्या, भुतांच्या आणि पुरलेल्या धनाच्या गोष्टींना ऊत येतो. त्या बंद करा असे आमचे म्हणणे नाही. राखणदार, गिऱ्हा म्हणजे पाण्यातले भूत, पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसालाच दिसणारा हंडा, नशिबात नसेल तर मोहरांचे होणारे कोळसे हे सारे कोकणचेच. फक्त हिशेबही सांगावा.

भुयाराचेच घ्या. ते किल्ल्यातून समुद्राखालून 12 किलोमीटर जाऊन एका गावात निघते, असे सांगतात. लंडनला थेम्स नदीखालचा बोगदा काढायला 1825 ते 1843 अशी 18 वर्षे लागली. लांबी जेमतेम 400 मीटर, तरी पाणी पुन्हा पुन्हा आत घुसले, माणसे दगावली. सिंधुदुर्ग 1664 ते 1667 या काळात उभा राहिला. तेवढ्यात तट चढवायचा, शिवाय 12 किलोमीटर खडक फोडायचा, पाणी उपसायचे, आत हवा खेळवायची? आणि निघालेला दगड टाकला कुठे?

रात्रीच्या आवाजांचे कोडे सोपे आहे. भरतीची लाट कपारीत शिरली की कोंडलेली हवा धप्पकन बाहेर पडते. गव्हाणी घुबड घुमत नाही, किंचाळते. पाण्यावरचा निळा उजेड नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवाचा. वल्हे मारा, तिथेच चमकेल.

खरी काळजी खोदणाऱ्यांची. गडावरच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन बावी, म्हणजे विहिरी, चहूबाजूंनी खारे पाणी असून गोड्या आहेत. मुरलेले पावसाचे पाणी हलके, म्हणून अशा बेटांवर ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ढोबळ नियम असा की समुद्रपातळीच्या वर 1 मीटर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे 40 मीटर असते; भेगाळ खडकात हे गणित बदलते, पण तोल तसाच नाजूक. धन शोधणारा पहिल्यांदा बावच उपसतो. वरची पातळी हातभर उतरली की खालून खारे पाणी कितीतरी पटीने वर चढते. तळ फोडला तर विचारूच नका. गडावर आजही काही कुटुंबे राहतात. मांत्रिक पहिल्या होडीने परत जाईल, ती कुठे जातील?

कायदाही छापा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर काय, किती, कुठे, केव्हा हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून ते सरकारी खजिन्यात भरावे लागते किंवा तारण द्यावे लागते. दावेदारांसाठी 4 ते 6 महिन्यांनंतरची तारीख जाहीर होते. लपवले तर शोधणाऱ्याचा वाटा गेला, वर एक वर्षापर्यंत कैद. हेही झाले सहज सापडलेल्या धनाचे. सिंधुदुर्ग संरक्षित स्मारक आहे, तिथे नासधूस केली तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. धनासाठी अघोरी विधी करणाऱ्याला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, तो वेगळाच.

पुढच्या वेळी भुयाराची गोष्ट छापाल तेव्हा शेजारी चौकटीत तीन बावींचीही माहिती द्यावी, ही विनंती.

आपले,
मालवणचे काही वाचक