प्रूफवाल्या ताईंना अनावृत पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवलं असतं, तर तुम्ही ते घडी घालून कुठल्यातरी शब्दकोशात ठेवून दिलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय. आमच्या धंद्यातल्या मंडळींनीही ते वाचावं असं वाटतं. प्रूफ वाचणाऱ्या माणसाची जागा खर्चाच्या तक्त्यातून उडवताना ज्यांना काहीच वाटलं नाही, त्यांनी तर जरूर वाचावं.

आपली ओळख एका शुक्रवारामुळे झाली. खरं तर तो शुक्रवार नव्हताच, त्यामुळे झाली. जाहिरात एजन्सीत लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. मार्केटिंगची पदवी ताजी होती आणि दर दुसऱ्या वाक्यात 'टार्गेट ऑडियन्स' आल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं. एका क्लायंटच्या कार्यक्रमाचं निमंत्रण मी लिहिलं. मी तपासलं, डिझायनरने पाहिलं, साहेबांनी नजर टाकली, क्लायंटने सही केली. तुमच्याकडे ते निव्वळ शिरस्ता म्हणून आलं. तुम्ही नेहमीप्रमाणे ओळीखाली पट्टी धरून, ओठ हलवत वाचलंत आणि दहाव्या मिनिटाला माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिलात.

"अरे, शुक्रवार, १४ लिहिलंयस. १४ला गुरुवार आहे. लोकांनी यायचं कधी?"

मी आधी लाजलो, मग चिडलो, मग विचारलं की आम्हा चौघांपैकी एकालाही हे कसं दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, "चौघं कुठे? एकच माणूस चारदा वाचत होता."

तेव्हा मला तो टोमणा वाटला. त्यातलं गणित तुम्ही पुढच्या आठवड्यात दाखवलंत, एका जाडजूड वार्षिक अहवालाच्या निमित्ताने. अहवालाची एक प्रत तुम्ही वाचलीत, दुसरी मला दिलीत, आणि मधे एकमेकांशी बोलायचं नाही असा दंडक घातलात. संध्याकाळी आपण चुका मोजल्या. तुमच्या ३०, माझ्या २०. त्यातल्या १५ दोघांनाही सापडलेल्या. म्हणजे एकूण ३५ सापडल्या, काम झालं, असं मी समजलो. तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात तीस गुणिले वीस भागिले पंधरा केलंत आणि ४० हा आकडा गोल करून माझ्यापुढे सरकवलात. "पाच राहिल्यात. शोध."

तुमचा तर्क साधा होता. माझ्या २० चुकांपैकी १५ तुम्हाला सापडल्या, म्हणजे तुमची नजर चारांतल्या तीन चुका पकडते. मग तुमच्या ३० चुका म्हणजे एकूण चुकांचा पाऊण भाग, आणि एकूण चुका ४०. जे कोणीच पाहिलेलं नाही, ते किती असावं याचा अंदाज फक्त दोन नजरांच्या जुळण्यावरून बांधता येतो, हे मला पदवी देणाऱ्यांपैकी कोणी सांगितलं नव्हतं. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९७६ साली नेमक्या मुद्रितशोधनावरच हे मांडलं होतं, हे तुम्हीच सांगितलंत. पीटरसन नावाच्या डॅनिश मत्स्यतज्ज्ञाने तोच विचार १८९६च्या सुमाराला खुणा केलेल्या माशांसाठी वापरला होता आणि फ्रेडरिक लिंकन या अमेरिकन पक्षितज्ज्ञाने १९३० साली रानबदकांसाठी, ही माहितीही तुमच्याकडूनच मिळाली. मासे, बदकं आणि ऱ्हस्व-दीर्घ एकाच सूत्रात बसतात याचा तुम्हाला कोण आनंद व्हायचा.

(त्या पाचांपैकी मला तीन सापडल्या. उरलेल्या दोन छापून गेल्या असाव्यात. किंवा नसतीलही. तुम्ही म्हणायचात, हा अंदाज आहे, पावती नव्हे.)

पण माझं आयुष्य बदललं ते या सूत्राच्या अटीमुळे. दोन्ही वाचणारे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. दोघांना एकाच प्रकारच्या चुका दिसत असतील आणि एकाच प्रकारच्या चुका निसटत असतील, तर जुळणी फुगते, उरलेल्यांचा आकडा लहान येतो आणि दोघंही खुशीत घरी जातात. आमच्या मीटिंगांचं याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही. टेबलाभोवती आठ जण, आठही जणांचा अभ्यासक्रम एक, सगळ्यांच्या फोनवर त्याच बातम्या, वस्त्याही साधारण सारख्याच. सगळ्यांचं एकमत झालं की आम्ही त्याला खात्री म्हणायचो.

१९८५ साली कोका-कोलाने चव बदलली, त्याआधी जवळपास दोन लाख लोकांवर चाखण्याच्या चाचण्या झाल्या होत्या. नवी चव घोटाघोटाला जिंकत होती. एप्रिलमध्ये ती बाजारात आली आणि ७९ दिवसांनी जुनी चव परत आणावी लागली, कारण लोकांचं त्या जुन्या पेयाशी काय नातं आहे हे चवीच्या चाचणीत उतरलंच नव्हतं. मार्केटिंगच्या वर्गात हा किस्सा हमखास सांगतात आणि त्यातून धाडस, ब्रँड, भावना असे मोठे मोठे धडे काढतात. तुम्ही एवढंच म्हणालात, "दोन लाख माणसं, पण प्रूफ एकच."

तेव्हापासून मी वाकड्या वाटेने शिकायला लागलो. माझ्या बायोडेटात 'आवडीनिवडी' या मथळ्याखाली व्यवसाय, वाचन, संस्कृती, शहर असं काहीबाही लिहिलेलं असायचं. सगळेच लिहितात तसं, जागा भरायला. तुमच्यामुळे त्या शब्दांना काम मिळालं. शेजाऱ्याला जे दिसतं त्याहून वेगळं काही मला दिसायला हवं असेल, तर मी त्याच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी वेळ घालवायला हवा, इतका रोकडा हिशेब त्यामागे होता.

पहिली पायरी बसथांब्याची. संध्याकाळच्या वर्गांच्या जाहिरातीचं एक होर्डिंग आम्ही ठरवलं होतं. मीडिया प्लॅनमध्ये त्या चौकाची वर्दळ बघून सगळे खूश होते. तुम्ही हेडलाइनवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंत आणि मला तिथे तासभर उभं राहून यायला सांगितलंत. मी कुरकुरत गेलो. थांब्यावरची माणसं बस येणाऱ्या दिशेला तोंड करून उभी होती, म्हणजे होर्डिंगकडे सगळ्यांच्या पाठी. बस आली की ते बसआड झाकलं जायचं. ते दिसायचं फक्त वळणावर गाडी हळू झालेल्या चालकाला, तेही दोन-तीन सेकंद, आणि आमची हेडलाइन होती चौदा शब्दांची. मार्केटिंगच्या चार 'पी'मधला (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) 'प्लेस' मी परीक्षेत पाठ केला होता. तो पायांनी तपासायचा असतो हे त्या तासात कळलं. हेडलाइन चार शब्दांवर आली आणि होर्डिंग रस्त्याच्या पलीकडे गेलं.

परत आलो तर टेबलावर विल्यम व्हाइट यांच्या न्यूयॉर्कमधल्या कामाची माहिती ठेवलेली. १९७०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे रोखले आणि माणसं काय म्हणतात ते बाजूला ठेवून काय करतात ते पाहिलं. गप्पा मारायला थांबलेली माणसं कडेला सरत नाहीत, गर्दीच्या ऐन प्रवाहातच उभी राहतात. मोकळी खुर्ची मिळाली की बसण्याआधी ती चार बोटं तरी सरकवतात, पुष्कळदा काही कारण नसताना. मी हे वाचलं आणि पुढचा महिनाभर शहरात खुर्च्या सरकवणारी माणसं बघत फिरलो. शहर मला तोवर घर आणि ऑफिस यांच्यामधला अडथळा वाटायचं. आता अजूनही आठवड्यातून एकदा मी एखाद्या अनोळखी चौकात काही न करता तासभर थांबतो. लोक संशयाने बघतात. चालायचंच.

त्याच भटकंतीत प्रश्न पडला की चपलांची चार दुकानं एकाला एक खेटून का असतात. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, ग्रंथालयाचा रस्ता दाखवलात. हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९२९ साली एक सरळ रस्ता कल्पून दाखवलं होतं की दोन विक्रेते गिऱ्हाईक खेचण्याच्या नादात एकमेकांकडे, मध्याकडे सरकत जातात. मी हरखून मीटिंगमध्ये हे सांगितलं, भावही मारला. मग तुम्ही हळूच विचारलंत, "पुढचं वाचलंस का?" पुढचं असं होतं की १९७९ साली तीन अर्थतज्ज्ञांनी त्या गणितातली त्रुटी दाखवली. फार जवळ आल्यावर दोघं एकमेकांच्या किमती पाडायला लागतात आणि तो तोल टिकतच नाही. म्हणजे पन्नास वर्षं एक चूक छापील पानावर होती आणि ती अनेकांच्या नजरेखालून गेली असणार! तुमच्या डोळ्यांत त्या वेळी जी चमक होती ती मला विसरता येत नाही. चपलांच्या दुकानांचं म्हणाल तर मला तरी कारण साधं दिसतं. चपला घालून, चालून, तुलना करून घ्यायच्या असतात आणि त्यासाठी कोणी चार गल्ल्या तुडवत नाही.

आकड्यांच्या बाबतीत तुम्ही माझ्यावर जे उपकार केलेत ते जरा लाजिरवाणे आहेत. दोन जाहिराती आम्ही प्रत्येकी दोन हजार वेळा दाखवल्या. एकीला ४० क्लिक, दुसरीला ३१. मी पहिलीला 'विजेती' जाहीर करून डेकमध्ये, म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइड्समध्ये, मुकुटाचं चित्र टाकलं. तुम्ही शब्द तपासायला घेतलेल्या त्या डेकवर समासात लिहिलंत, "४० + ३१ = ७१. वर्गमूळ साडेआठच्या आत. फरक ९. मुकुट काढ." नुसत्या योगायोगानेच साडेआठाच्या आसपास चढउतार होतो, फरक त्याच्या दुप्पट तरी असेल तेव्हा बोलावं, असा तुमचा ठोकताळा. मी सतराच्या खाली आता तोंड उघडत नाही. त्यानंतर मी संध्याकाळी संख्याशास्त्राच्या वर्गाला जायला लागलो आणि पहिल्या परीक्षेत आपटलो. तेव्हा तुम्ही गॉसेट यांची गोष्ट सांगितलीत. ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होते. लहान नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची आज जगभर शिकवली जाणारी पद्धत त्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली, पण कंपनीच्या नियमांमुळे 'स्टुडंट' या टोपणनावाने. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने विद्यार्थी हेच नाव घ्यावं, हे मला फार आवडलं. दुसऱ्या खेपेला मी पास झालो, काठावर.

नाटकाचं मात्र राहूनच गेलं असतं. तुम्ही मला नाटकाला घेऊन गेलात आणि मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवलंत. मला रंगमंच नीट दिसेना. तुम्ही म्हणालात, "बघू नकोस, खोकला ऐक." प्रेक्षक गुंतलेले असतात तेव्हा खोकत नाहीत. प्रसंग लांबला की एकजण खोकतो, मग दुसरा, मग खुर्च्या कुरकुरायला लागतात. त्या रात्री मी दुसऱ्या अंकात कात्री कुठे लावायला हवी ते सांगू शकलो असतो. आज प्रेझेंटेशन देताना कोणत्या स्लाइडला कोण फोनकडे हात नेतो हे मी टिपून ठेवतो. क्लायंटच्या तोंडी अभिप्रायापेक्षा मला ती टिपणं जास्त उपयोगी पडली आहेत.

एक गोष्ट मला पटलेली नाही, तेही सांगून टाकतो. तुम्ही नेहमी म्हणायचात की मोठ्या अक्षरातली चूक कोणी पाहत नाही, म्हणून मथळा सर्वांत शेवटी आणि वेगळा वाचायचा. खरं आहे. पण मी तो आधी आणि शेवटी, दोनदा वाचतो. तुमच्या निरोपाच्या दिवशी मीटिंग रूममध्ये जो भलामोठा फलक लावला होता, त्यावर 'शुभेछा' लिहिलेलं होतं. चाळीस माणसं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. तुम्ही भाषण केलं नाहीत. खुर्ची ओढलीत, वर चढलात आणि पेन्सिलने त्या 'छ'ला अर्धा 'च' जोडून खाली उतरलात. टाळ्या बऱ्याच उशिराने वाजल्या, कारण तुम्ही तिथे काय केलंत हे बऱ्याच जणांना कळलंच नव्हतं.

तुमच्या जागी कोणी आलं नाही. आता मशीन तपासतं. ते वेलांट्या बरोबर धरतं, हे मान्य करायला हवं. पण मजकूर मीही मशीनला विचारून लिहितो आणि तपासतंही तेच, तेव्हा मला तुमचा तो गुरुवार-शुक्रवार आठवतो.

ताई, तुम्ही मला वेळ दिलात, तोही ज्याचा कुठल्या टाइमशीटवर हिशेब नव्हता. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, ठाऊक आहे. मानतोच आहे.

आता या पत्राचं. मी स्वतः प्रूफ वाचलं, ११ चुका निघाल्या. शेजारच्या डेस्कवर नवीन मुलगी आली आहे, पदार्थविज्ञान शिकून आमच्याकडे कशी आली देव जाणे. तिला न सांगता दुसरी प्रत दिली, तिने ८ काढल्या. त्यातल्या ४ आमच्या दोघांच्या सारख्या. सापडलेल्या पंधराही दुरुस्त केल्या आहेत. अकरा गुणिले आठ भागिले चार, बावीस.

सात राहिल्यात. पेन्सिल घ्या.

तुमचा,
शुक्रवारवाला