पांढरीत सापडलेली नाणी घासू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यातील नांगरटीत आणि जुन्या गावठाणाची पांढरी माती ट्रॅक्टरने वावरात टाकताना आपल्या वऱ्हाडात अधूनमधून जुनी नाणी निघतात. नाणे हाती आले की आधी त्याची किंमत विचारली जाते, मग ते खरे की खोटे याची चर्चा होते, आणि दोन्हींचा उलगडा होण्याआधीच ते चिंच व राखेने घासून चकचकीत केले जाते. त्यात किती नुकसान होते, हे आमच्या गावातील एका शेतकऱ्याने दाखवलेल्या नाण्यावर स्पष्ट दिसले. एका अंगाला सोंड उंचावलेला हत्ती होता आणि दुसऱ्या अंगाला चार टोकांवर चार वर्तुळे असलेली फुली, म्हणजे सातवाहनांचे उज्जैन चिन्ह होते. हत्ती तर अनेक सातवाहन राजांच्या नाण्यांवर असतो. नाणे नेमके कोणाचे, हे त्याच्याभोवतीच्या ब्राह्मी अक्षरांवरूनच ठरते, आणि नेमकी ती अक्षरे घासण्यात गेली होती.

आमच्याच मंगरुळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखी पुराणांच्या वंशावळीत नसलेली राजांची नावे त्यातील नाण्यांमुळेच इतिहासाला कळली. ती नाणी घासून वितळवली गेली असती, तर ही नावे कायमची पुसली गेली असती.

खरेखोटेपणाबाबतही अनेकांचा समज उलटा असतो. अक्षरे अर्धवट आहेत म्हणून नाणे खोटे ठरवले जाते. परंतु नागपूरकर भोसल्यांच्या काळातील रुपये हातोड्याने ठोकून पाडलेले असत आणि ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे मजकूर कडेला तुटलेला असणे हेच स्वाभाविक होते. संशय घ्यावा तो साच्यात ओतलेल्या रुपयाचा: त्याच्या कडेवर सांध्याची बारीक रेघ दिसते, पृष्ठावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. १८३५ पासूनच्या चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असते, त्यामुळे न झिजलेला रुपया सराफाच्या काट्यावर बराच हलका भरला तर सावध व्हावे. चुंबकाची परीक्षा मात्र जपून करावी, कारण चांदी व तांबे चुंबकाला चिकटत नसले तरी १९४७ चा निकेलचा अस्सल रुपया चिकटतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ साल घातलेली आणि रामदरबार किंवा हनुमान कोरलेली जी ‘नाणी’ बाजारात फिरतात, ती चलन नव्हेत. कंपनीने तशी नाणी पाडली नव्हती. तांदूळ ओढून घेणारे नाणे म्हणून ती लाखोंना विकणारे तर उघड फसवणूक करतात. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली शुल्क वा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच दिला आहे.

जमिनीत सापडलेल्या ठेव्याची नोंद लपवली जाते ती बहुतांशी भीतीपोटी, सरकार सर्व काही घेऊन जाईल या समजुतीने. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते आणि न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, हे खरे; परंतु त्याच कायद्यात, निधीवर जुन्या मालकाचा हक्क सिद्ध न झाल्यास आणि वेगळा करार नसल्यास, सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश व जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा ठरवून दिला आहे. सरकारने निधी स्वतःकडे घेतला, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. ही बाजू गावात कोणी सांगत नाही.

म्हणून माझी मागणी अशी की, नांगरटीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर ही माहिती सोप्या मराठीत लावावी, तलाठ्यांना सूचना द्याव्यात आणि वर्षातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील जाणकारांना बोलावून लोकांनी आणलेली नाणी पाहून देण्याची सोय करावी. तोवर शेतकरी बांधवांना विनंती अशी की, नाणे पाण्याने सुद्धा न धुता कोरड्या कागदात ठेवावे आणि ते कोणत्या वावरात, किती खोलीवर व कशासोबत निघाले, हे त्याच कागदावर लिहून ठेवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मंगरुळपीर तालुका, जि. वाशीम