एरिओनाइटचीही दखल घ्यावी
महोदय,

अ‍ॅस्बेस्टॉसच्या धोक्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. एरिओनाइट या दुर्मीळ तंतुमय झिओलाइटचा (पोकळ्यांत पाणी सामावणाऱ्या सच्छिद्र खनिजांपैकी एकाचा) मात्र उल्लेखही होत नाही, हे खटकते. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या षट्कोनी कड्यांचे थर जुळून त्याची सच्छिद्र चौकट बनते आणि तिच्या पोकळ्यांतील पाणी तापवल्यावर निघून जाते, निवल्यावर हवेतून पुन्हा शोषले जाते. घातक आहे ते त्याचे रूप: लोकरीसारखे, मायक्रॉनहूनही बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात खोल जाऊन वर्षानुवर्षे टिकतात. तुर्कस्तानातील कॅपाडोसिया भागात, कराईन व तुझकोय या गावांत, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या ज्या दगडाने घरे बांधली त्यातच हे खनिज होते, आणि मेसोथेलिओमाने (मुख्यतः फुप्फुसांच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगाने) तेथील कित्येक कुटुंबे उद्ध्वस्त झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ मध्येच त्याला पहिल्या गटातील, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले, कर्करोगकारक ठरवले आहे.

– एक वाचक, नाशिक